नेव्हिल डिसोझाच्या गोलांचे वारस

१ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्नच्या ऑलिम्पिक पार्कवर भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. चारपैकी तीन गोल नेव्हिल डिसोझा या २४ वर्षांच्या फॉरवर्डचे होते. तो मूळचा गोव्यातल्या आसगावचा, पण फुटबॉलपटू म्हणून घडला मुंबईत. ९व्या मिनिटाला त्याने भारताला पुढे नेले. १७व्या मिनिटाला ब्रूस मोरोने बरोबरी केली. ३३व्या मिनिटाला नेव्हिलने पुन्हा आघाडी मिळवून दिली आणि ४१व्या मिनिटाला मोरोने ती पुन्हा पुसली. मध्यंतरानंतर, ५०व्या मिनिटाला, नेव्हिलचा तिसरा गोल झाला आणि मग ऑस्ट्रेलियाला उत्तर सापडले नाही. चौथा गोल किट्टूचा, ८०व्या मिनिटाचा. म्हणजे नेव्हिलच्या तीन गोलांपैकी एकही जिंकलेल्या सामन्यात भर घालणारा नव्हता. तीनही वेळा त्याने बरोबरीत अडकलेला संघ पुढे काढला. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक करणारा तो पहिला आशियाई. उपांत्य फेरीत युगोस्लाव्हियाविरुद्धही पहिला गोल त्याचाच होता. चार गोलांसह तो बल्गेरियाचा मिलानोव्ह आणि युगोस्लाव्हियाचा व्हेसेलिनोविच यांच्या जोडीने स्पर्धेत सर्वाधिक गोल करणारा ठरला, आणि भारत चौथा आला. १९८० साली, वयाच्या ४७व्या वर्षी, नेव्हिल मुंबईत वारला. १९६१पासून दिल्या जाणाऱ्या अर्जुन पुरस्काराच्या यादीत फुटबॉलपटूंची नावे शोधत गेले तर पी. के. बॅनर्जी, तुलसीदास बलराम, चुनी गोस्वामी अशी ओळीने भेटतात. नेव्हिल भेटत नाही.

या विस्मरणाचे आपल्याकडचे ठरलेले स्पष्टीकरण म्हणजे लोक कृतघ्न असतात, किंवा क्रिकेटने बाकी सगळे गिळले. मला दोन्ही अपुरी वाटतात. फॉरवर्डची कीर्ती त्याने केलेल्या गोलांवर फार तर एक पिढी टिकते. त्यापुढे ती कुणीतरी सांभाळावी लागते, आणि सांभाळणारा असतो त्याचा संघ: त्या संघाचे मैदान, त्याचे वार्षिक सामने, त्या रंगाचा शर्ट घालणारी पुढची पोरे. नेव्हिलला घडवणारे संघ उत्तम होते. मात्र ते कुठल्या वस्तीचे नव्हते, कंपन्यांचे होते. कंपनीला गरज होती तोवर ते होते. गरज संपली तेव्हा संघ गेले आणि त्यांच्याबरोबर आठवणही गेली. हे म्हणणे सुरतेच्या उपनगरात, बमरोली-पांडेसऱ्यासारख्या ठिकाणी, वाचणाऱ्याला दूरचे वाटेल. ते तितके दूरचे नाही, पण तिथवर जायला आधी मुंबईची वाट धरावी लागेल.

त्याआधी एका आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे, कारण तो खरा असेल तर पुढचे सगळे फोल ठरेल. ते ऑलिम्पिकच तकलादू होते, असा हा आक्षेप आहे. त्यात तथ्य आहे. १६ संघांच्या जागी ११च संघ उतरले. १९५२चा सुवर्णविजेता हंगेरी देशातल्या उठावामुळे आणि सोव्हिएत रणगाड्यांमुळे आलाच नाही, आणि भारताला पहिल्या फेरीत पुढे चाल मिळाली ती त्याच्याविरुद्धच. पश्चिम युरोपातले व्यावसायिक खेळाडू तर नियमानेच बाहेर होते. तरीही दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. १९५२ साली हेलसिंकीत याच युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ असे तुडवले होते. चार वर्षांनी मेलबर्नमध्ये भारताने त्याच्याविरुद्ध आघाडी घेतली आणि निकाल लागला ४-१, त्यातला एक गोल आपल्याच खेळाडूच्या पायाला लागून गेलेला. युगोस्लाव्हियाने त्या वर्षी सलग तिसरे ऑलिम्पिक रौप्य मिळवले. अंतिम सामन्यात सोव्हिएत संघाकडून ते केवळ एका गोलाने हरले. अशा संघाशी अंतर नऊ गोलांवरून तीनवर येते, तेव्हा त्यामागे काहीतरी भक्कम उभे राहिलेले असते. आणि ऑस्ट्रेलिया? त्यांनी आधीच्या फेरीत जपानला २-० हरवले होते. भारताकडून हरल्यावर काही दिवसांनी सिडनीत झालेल्या मैत्रीपूर्ण सामन्यात भारताने त्यांच्यावर ७ गोल चढवले. पहिला निकाल योगायोगाचा असता तर दुसरा असा लागला नसता. जपानचा तो पराभव ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग उभे काय राहिले होते? प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांना याचे श्रेय द्यायलाच हवे आणि ते दिलेही जाते. २०२४चा 'मैदान' हा हिंदी चित्रपट त्यांच्यावरच आहे. मात्र रहीम यांच्या हाती आलेले खेळाडू कुठून आले ते पाहिले की चित्र अधिक स्पष्ट होते. पी. के. बॅनर्जी पूर्व रेल्वेचा. गोलरक्षक पीटर थंगराज लष्कराचा. हैदराबादचे कितीतरी जण शहर पोलिसांच्या संघातले, ज्या संघाने रहीम यांच्या हाताखाली १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईत येऊन रोव्हर्स चषक नेला. आणि नेव्हिल मुंबईच्या टाटा स्पोर्ट्स क्लबचा आणि कॅल्टेक्सचा. एकाही खेळाडूला खेळण्याचे पैसे मिळत नव्हते, कारण ऑलिम्पिकला हौशी खेळाडूच चालत. पण हौशीला पोट असतेच. त्यावरचा तोडगा रेल्वे, पोलीस, पलटण आणि कंपन्या यांनी काढला होता: नाव हजेरीपटावर, पगार कारकुनाचा, संध्याकाळ सरावाला मोकळी आणि स्पर्धेच्या दिवसांत भरपगारी रजा. आज आपण याकडे 'स्पोर्ट्स कोटा' म्हणून जरा नाक मुरडून पाहतो. त्या काळात भारतीय फुटबॉलचा अख्खा डोलारा या एका सवलतीवर उभा होता.

मुंबईत या पद्धतीचा सगळ्यात दाट विणलेला पट होता. १९०२पासून चालत आलेली हारवूड लीग, १८९१पासूनचा रोव्हर्स चषक, कूपरेजचे मैदान, आणि या सगळ्यांना संघ पुरवणारी कचेऱ्यांची, तेल कंपन्यांची, पुढे कापडगिरण्यांचीही रांग. मफतलाल आणि ऑर्के मिल्स ही नावे सुरतेच्या कापडबाजाराला अपरिचित नाहीत; मुंबईच्या फुटबॉलमध्ये ती संघांची नावे होती. गोव्यातून नोकरीसाठी मुंबईत आलेल्या तरुणाला या रांगेत जागा मिळे, आणि गोवा तेव्हा भारतात नव्हताच हे विसरू नये. आसगावचा नेव्हिल मेलबर्नमध्ये भारतासाठी गोल करत होता तेव्हा त्याच्या गावावर पोर्तुगीज झेंडा होता, आणि तो उतरायला अजून पाच वर्षे होती. मुंबईने १९५४च्या हंगामात संतोष करंडक पहिल्यांदा जिंकला तो याच पिढीच्या जोरावर. १९५८ साली कॅल्टेक्सने रोव्हर्स चषक घेतला. १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतल्या सुवर्णविजेत्या संघातला फॉर्च्युनाटो फ्रँकोही गोव्याचाच आणि टाटांकडून खेळणारा. एकट्यादुकट्याच्या प्रतिभेचा हा चमत्कार असता तर एकाच दारातून असे एकामागून एक जण बाहेर पडले नसते.

आता त्या दाराचे काय झाले ते पाहू. कॅल्टेक्सचा भारतातला कारभार १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात सरकारने ताब्यात घेतला आणि तो हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये विरघळला. ज्या शर्टात नेव्हिल खेळला त्या शर्टावरचे नावच देशातून पुसले गेले. रोव्हर्स चषक नव्या शतकाच्या तोंडाशी बंद पडला. १९९६मध्ये राष्ट्रीय लीग सुरू झाली, पुढे आशियाई महासंघाने क्लबांसाठी परवान्याच्या अटी घातल्या, आणि त्या अटींत बसत नाहीत म्हणून २०१३ साली एअर इंडिया आणि ओएनजीसी आय-लीगच्या बाहेर गेले. महिंद्र युनायटेड हा २००६चा राष्ट्रीय विजेता संघ; तो २०१० साली मालकांनीच मिटवला. पहिली राष्ट्रीय लीग जिंकणारा जेसीटी हा फगवाड्याच्या कापडगिरणीचा संघ होता. तोही २०११मध्ये संपला. यातल्या कुठल्याही निर्णयावर कुणी रस्त्यावर उतरले नाही, कारण तो संघ 'आपला' आहे असे म्हणणारी गल्ली कुठेच नव्हती. ताळेबंदातली एक ओळ खोडली, एवढाच त्याचा अर्थ.

इथे कुणी म्हणेल की पी. के. बॅनर्जी तर जवळजवळ सगळी कारकीर्द रेल्वेकडून खेळला, कुठल्याच लोकप्रिय क्लबकडे गेला नाही, तरी तो का लक्षात राहिला? प्रश्न रास्त आहे. उत्तर त्याच्या उत्तरायुष्यात आहे. खेळ संपल्यावर तो ईस्ट बंगाल आणि मोहन बागान या दोन्ही क्लबांचा प्रशिक्षक झाला. मोहन बागान १८८९चा, ईस्ट बंगाल १९२०चा; दोन्हींना सभासद आहेत, पाठीराखे आहेत, घराघरांत वाटून घेतलेली भांडणे आहेत. पी. के. त्या भांडणात शिरला आणि कोलकात्याने त्याला ठेवून घेतले. चुनी गोस्वामी तर खेळाडू म्हणून मोहन बागानखेरीज कुठे गेलाच नाही. नेव्हिलला मुंबईत असे ठेवून घेणारे घर नव्हते. १९६०च्या रोम ऑलिम्पिकच्या संघात तो नव्हता आणि त्यानंतर भारत ऑलिम्पिक फुटबॉलच्या मुख्य फेरीत कधी पोहोचलाच नाही. त्यामुळे ऑलिम्पिक हॅट्‌ट्रिक करणारा एकमेव भारतीय हा त्याचा मान शाबूत आहे, पण तो त्या दाराशी नंतर कुणी गेलेच नाही म्हणून. हा विक्रम अभिमानाने सांगताना थोडे चाचरायला हवे.

क्रिकेटचा मुद्दाही निकालात काढू. क्रिकेटने फुटबॉल मारला हे वाक्य इतक्यांदा उच्चारले गेले आहे की ते तपासायचे राहूनच जाते. मुंबईचे क्रिकेटही कंपन्यांच्याच आधाराने वाढले. कचेऱ्या-कचेऱ्यांमधली टाइम्स शील्ड होती, सुनील गावसकर निरलॉनकडून खेळत होता, टाटा आणि मफतलाल तिथेही होते. तरी कंपन्यांनी हात आखडता घेतल्यावर क्रिकेट कोसळले नाही. कारण त्याच्याखाली आणखी दोन थर होते: हॅरिस आणि गाइल्स शील्ड खेळणाऱ्या शाळा, आणि दादर-माटुंग्यापासून आझाद मैदानापर्यंतचे क्लब. टीव्हीचा पैसा आला तो या थरांवर. फुटबॉलच्या खाली तसे थर पातळ होते. तेव्हा क्रिकेटवर ठपका ठेवण्यापेक्षा, एका पायावर उभा असलेला खेळ तो पाय काढताच पडला, असे म्हणणे अधिक प्रामाणिक आहे.

पण कंपन्यांचे संघ जाणे अटळच नव्हते का? काळ बदलला, हौशी नियम गेले, व्यावसायिक क्लब आले. जुने धरून बसून कसे चालेल? या सगळ्या आक्षेपांत हाच मला वजनदार वाटतो. त्याला उत्तर जपानने दिले आहे, आणि म्हणूनच १९५६चा त्यांचा पराभव ध्यानात ठेवायला सांगितला होता. ज्या ऑस्ट्रेलियाला आपण हरवले त्याच्याकडून हरून जपान घरी गेला होता. १९६५मध्ये त्यांनी जपान सॉकर लीग सुरू केली, आणि तिच्यातले संघ होते यानमार डिझेल, मित्सुबिशी, फुरुकावा इलेक्ट्रिक, टोयो कोग्यो. हुबेहूब आपलीच पद्धत: नोकरी कंपनीत, खेळ कंपनीसाठी. १९६८च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये जपानला कांस्यपदक मिळाले आणि यानमारचा फॉरवर्ड कुनिशिगे कामामोतो ७ गोल करून स्पर्धेत पहिला आला. त्यानेही तिथे हॅट्‌ट्रिक केली, नायजेरियाविरुद्ध. इथपर्यंत कामामोतो आणि नेव्हिल जवळजवळ एकाच वाटेवर आहेत. फाटा फुटतो तो १९९३मध्ये. व्यावसायिक जे-लीग सुरू करताना जपानने कंपन्यांचे संघ मोडले नाहीत, ते शहरांच्या नावे केले. मित्सुबिशीचा संघ उरावा रेड्स झाला, टोयो कोग्योचा, म्हणजे माझदाचा, हिरोशिमाचा झाला, यानमारचा वारसा सेरेझो ओसाकाकडे गेला. कंपनीचा पैसा बव्हंशी तसाच राहिला. शर्टावर शहर आले आणि शहराने संघ पोटात घेतला. कामामोतो स्वतः मात्सुशिताच्या संघातून घडलेल्या गांबा ओसाकाचा जे-लीगमधला पहिला प्रशिक्षक झाला. त्याच्या गोलांना पत्ता मिळाला. आपण व्यावसायिक झालो तेव्हा उलटे केले: अटी घातल्या, जुने संघ त्यांत बसेनात म्हणून सोडून दिले, आणि २०१४मध्ये नव्या लीगसाठी नवे संघ कोऱ्या पाटीवर लिहिले. मुंबई सिटीने २०२१ आणि २०२४ साली ती लीग जिंकली, खेळही देखणा केला. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तिचा इतिहास २०१४मध्ये सुरू होतो आणि त्यात कॅल्टेक्सला किंवा टाटांना जागा असण्याचे कारण नाही.

उलट टोकाचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. कोल्हापुरात पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम, बालगोपाल यांचे संघ पेठेचे आहेत. त्यांना कुणी मालक मिटवू शकत नाही. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठ रिकामी होते आणि दहा वर्षांपूर्वीचा गोल कुणी कसा मारला यावर आजही कट्ट्यावर वाद घालता येतो. सांभाळणारे घर म्हणतात ते हेच. पण तिथे दुसरी बाजू लंगडी आहे. २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला फॉरवर्ड अनिकेत जाधव कोल्हापूरचा. तो घडला मात्र पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत आणि अकादमीत. पेठ प्रेम देते, पगार आणि पुढची पायरी देऊ शकत नाही. मुंबईकडे पायरी होती आणि घर नव्हते, कोल्हापूरकडे घर आहे आणि पायरी नाही. गोव्याला काही काळ दोन्ही लाभले: धेंपो आणि साळगावकर हे उद्योगघराण्यांचे संघ असूनही गावोगावच्या लोकांनी ते आपले मानले, ब्रुनो कुतिन्होसारखा फॉरवर्ड तिथे लोकांचा झाला, धेंपोने पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. २०१६मध्ये हे संघही राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले, पण गोव्यात त्याचे दुःख झाले, चर्चा झाली. महिंद्रच्या वाट्याला मुंबईत तेही आले नाही.

आता बमरोली. सुरतेच्या या दक्षिण पट्ट्यात, उधना, पांडेसरा, लिंबायत, डिंडोलीपर्यंत, खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. त्यांच्या शेजारी ओडिया, उत्तर भारतीय कामगार. यंत्रमाग, प्रोसेस हाऊस, कृत्रिम धाग्याचे कापड. उद्योग आहे, पैसा आहे, तरुण पोरांची संख्या तर मुंबईच्या गिरणगावाला त्याच्या भरभराटीत हेवा वाटावा अशी. तरी इथून नेव्हिल का निघत नाही, याचे उत्तर मैदान नाही किंवा प्रशिक्षक नाही असे दिले जाते. ते खरे आहे, पण दुय्यम. मागावरची पाळी १२ तासांची असते आणि मजुरी बहुधा मीटरवर. मीटरवर कमावणाऱ्या १९ वर्षांच्या पोराने संध्याकाळी दोन तास सरावाला जायचे ठरवले, तर त्या दोन तासांचे कापड त्याच्या मजुरीतून वजा होते. टाटांच्या कचेरीत नेव्हिलच्या पिढीला जे मिळाले ते नेमके या वजाबाकीपासूनचे संरक्षण होते.

कारखानदार म्हणतील की शंभर-दोनशे मागांचे युनिट म्हणजे टाटा नव्हे, एवढ्या खर्चात संघ कुठून पोसायचा. बरोबर आहे, एकट्याने नाहीच. पण इथले कारखानदार वीज, सांडपाणी, कर यांसाठी संघटना करून एकत्र येतातच. पांडेसऱ्यात सांडपाण्याची प्रक्रिया सामाईक होऊ शकते, तर २० पोरांच्या भरपाईचा खर्च सामाईक व्हायला तांत्रिक अडचण कोणती, हे मला कळत नाही. तसे झाले तर संघाला नाव कुठले द्यायचे, हा मुद्दा मला खर्चाइतकाच महत्त्वाचा वाटतो. युनिटचे नाव दिले तर मंदीचे एक वर्ष त्याला पुरेल. बमरोलीचे दिले, तर युनिट विकले गेल्यावरही शर्ट कुणीतरी घालील, आणि त्या शर्टात कुणी गोल मारला होता हे सांगणारा कुणीतरी शेजारी राहत असेल.